ध्येय सर्वांचे होते तेव्हा : बंगळुरूतील कंपन्यांची वाटचाल

१९९० सालच्या हिवाळ्यातील एका शनिवारी सकाळी बंगळुरूच्या एका झाडीदार उपनगरातील छोट्या कार्यालयात पाच भागीदार एकत्र जमले होते. कंपनी विकत घेण्याचा एक प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. देऊ केलेली रक्कम होती दहा लाख डॉलर. नऊ वर्षे कष्ट करूनही हाती फारसे काही लागले नव्हते. संगणक आयात करायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत, साधा दूरध्वनी मिळवण्यासाठी वर्ष जाई. सात संस्थापकांपैकी एक जण आदल्याच वर्षी कंपनी सोडून गेले होते. अशा स्थितीत आलेली रक्कम स्वीकारावी आणि मोकळे व्हावे, असे तरुण भागीदारांना वाटत असेल तर त्यात नवल नव्हते.

ती कंपनी म्हणजे इन्फोसिस. मे २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील पदवीदान समारंभात एन. आर. नारायण मूर्ती यांनी या बैठकीची हकिगत सांगितली. इतर सर्वांचे बोलून झाल्यावर मूर्ती यांची पाळी आली. कंपनीपुढील सर्वांत अंधारा काळ हाच असून यानंतर पहाट आहे, असे आपल्याला वाटत असल्याचे त्यांनी सांगितले. आणि सर्वांचा विकण्याचाच निश्चय असेल, तर सहकाऱ्यांचे समभाग आपण स्वतः विकत घेऊ, असा प्रस्ताव मांडला. खिशात पैसा नसलेल्या माणसाचा हा प्रस्ताव होता! खोलीत शांतता पसरली. त्यानंतर तासभर चर्चा झाली आणि सहकाऱ्यांनी आपले मत बदलले. कंपनी विकली गेली नाही.

मार्च २०२५ अखेर या कंपनीची वार्षिक उलाढाल १९ अब्ज डॉलरच्या पुढे होती आणि कर्मचाऱ्यांची संख्या ३ लाख २३ हजारांहून अधिक होती. त्यामुळे त्या शनिवारची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत आज दंतकथेसारखी सांगितली जाते. ती सांगताना भर सहसा मूर्ती यांच्या धाडसावर दिला जातो. मात्र एका माणसाचे धाडस तासाभरात चौघांना कसे पटले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांनी आधीची नऊ वर्षे काही समान कल्पना मनाशी बाळगली होती, त्यांनाच ते पटू शकत होते.

ध्येयवाक्य आणि ध्येय

कंपन्यांच्या स्वागतकक्षात चौकटीत लावलेली ध्येयवाक्ये आता सर्वत्र दिसतात. त्यांतील बहुतेक एकमेकांच्या जागी लावली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. व्यवस्थापनशास्त्रात या विषयाला गंभीर वळण मिळाले ते १९९० च्या दशकात. अमेरिकन अभ्यासक पीटर सेंगे यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फिफ्थ डिसिप्लिन' या ग्रंथात शिकत राहणाऱ्या संस्थेची जी पाच अंगे मांडली, त्यांत 'सामायिक ध्येयदृष्टी' हे एक होते. त्यांनी केलेला एक भेद उपयुक्त आहे. वरून आलेले ध्येय माणसे पाळतात; स्वतःचे वाटणारे ध्येय माणसे जगतात. पाळणारा माणूस नियमाच्या आत राहून काम करतो. ध्येय ज्याला आपले वाटते, तो नियम अपुरा पडला तर नियम बदलण्यासाठी झटतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांतील फरक चांगल्या दिवसांत दिसत नाही. तो अडचणीच्या काळात दिसतो.

जिम कॉलिन्स आणि जेरी पोरस या दोघांनी १९९४ मध्ये 'बिल्ट टू लास्ट' हे पुस्तक लिहिले आणि दीर्घकाळ टिकलेल्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते अशा कंपन्यांत दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक न बदलणारा गाभा, म्हणजे मूल्ये आणि अस्तित्वाचा हेतू; आणि दुसरी, दहा ते तीस वर्षांच्या टप्प्यावरची, ऐकताच छाती दडपावी अशी एखादी झेप. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी सोनी या तेव्हाच्या लहानशा जपानी कंपनीने, जपानी माल म्हणजे हलका माल ही जगाची समजूत आपण बदलू, असे ठरवले होते, हे उदाहरण ते देतात. दशकभराने, मे १९६१ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली. दोन्ही उदाहरणांत ध्येय एका वाक्यात सांगता येते आणि ते गाठले की नाही, हे कुणालाही कळू शकते.

मराठी वाचकांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. तेथे राहायला गेलेल्या कामगार कुटुंबांना त्या माळावर पगाराखेरीज आणखी काही दिसले असले पाहिजे. मार्च १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. 'लिज्जत'च्या प्रत्येक सभासद बहिणीला संस्थेच्या मालकीत वाटा आहे, हा नियम आजही त्या उद्योगाचा कणा आहे. या दोन्ही ठिकाणी व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तक कुणी उघडले नव्हते.

पुण्यातील दहा हजार रुपये

लिज्जतप्रमाणेच इन्फोसिसचे संस्थापकही सातच. नारायण मूर्ती, नंदन निलेकणी, एन. एस. राघवन, एस. गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा. सर्व जण मुंबईतील पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये काम करत होते. जुलै १९८१ मध्ये कंपनीची नोंदणी झाली ती पुण्यात. सुरुवातीचे भांडवल दहा हजार रुपये. ते सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले होते. पहिले ग्राहक होते न्यूयॉर्कचे डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, मोटर इंडस्ट्रीज कंपनी अर्थात मायको या बंगळुरूच्या ग्राहकाच्या कामासाठी कंपनीने आपले बस्तान पुण्याहून तेव्हाच्या बंगलोरला हलवले. पुण्याच्या औद्योगिक इतिहासातील ही हुरहुर लावणारी नोंद आहे.

कंपनी कशासाठी काढायची, यावर सातही जणांची सुरुवातीला दीर्घ चर्चा झाली, असे मूर्ती यांनी अनेक भाषणांत सांगितले आहे. सर्वाधिक उलाढाल, सर्वाधिक नफा, सर्वाधिक बाजारमूल्य असे पर्याय पुढे आले. शेवटी ठरले ते वेगळेच : ज्या कंपनीबद्दल सर्वांना आदर वाटेल अशी कंपनी. ग्राहक, सहकारी, भागधारक, पुरवठादार, सरकार आणि समाज या सर्वांना. ग्राहकाला दिलेला शब्द पाळला तर त्याचा आदर मिळेल. सहकाऱ्यांशी न्यायाने वागले तर त्यांचा मिळेल. आणि हे साधले तर उलाढाल आणि नफा आपोआप येतील, असा त्यामागचा तर्क होता.

वरवर पाहता 'आदर' ही मोघम गोष्ट वाटते. परंतु १९८१ चा भारत डोळ्यांपुढे आणला म्हणजे तिची धिटाई कळते. भारतीय कंपनीकडून कुणी परदेशी ग्राहक संगणक प्रणाली करून घेईल, ती वेळेत मिळेल आणि हिशेब स्वच्छ असतील, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. सोनीने जपानी मालाबद्दल जे योजले, त्याच जातीचे हे ध्येय होते. शिवाय त्यात एक व्यावहारिक सोय होती. रोजच्या निर्णयात ते कसोटीसारखे वापरता येत होते : अमुक केले तर आपल्याबद्दलचा आदर वाढेल की घटेल?

कसोटीचे प्रसंग

या कसोटीची किंमत मोजावी लागली तो प्रसंग १९९५ चा. जगातील पहिल्या दहा कंपन्यांत गणना होणाऱ्या एका ग्राहकाने आपल्या भारतीय पुरवठादारांना बंगळुरूच्या एकाच हॉटेलात वेगवेगळ्या खोल्यांत बसवले होते. दर पाडून घेण्यासाठी ही योजना होती. त्या एका ग्राहकाकडून इन्फोसिसला तेव्हा २५ टक्के उत्पन्न मिळत होते. देऊ केलेल्या दरात चांगली माणसे नेमणे आणि दर्जा राखणे शक्य नव्हते. कंपनीने तो दर नाकारला. एक चतुर्थांश उत्पन्नावर पाणी सोडण्याचा निर्णय होता तो. त्यानंतर कुठल्याही एका ग्राहकावर, देशावर वा तंत्रज्ञानावर फार विसंबून राहायचे नाही, हे धोरण बनले. कंपनीच्या बोलीभाषेत त्याला 'डी-रिस्किंग' हा शब्द रूढ झाला.

संस्कृती या शब्दाचा कंपन्यांच्या संदर्भातील अर्थ येथे नीट उलगडतो. मूल्य आधी बोलले जाते; मग ते एखाद्या महागड्या निर्णयात दिसते; आणि त्या निर्णयातून एक नियम तयार होतो. पुढे येणारी माणसे मूळ प्रसंग विसरली तरी नियम उरतो. महागडा निर्णयच कधी झाला नसेल, तर चौकटीतील वाक्यावर नव्या माणसाने विश्वास का ठेवावा?

दुसरा भाग वाटपाचा. फेब्रुवारी १९९३ मध्ये कंपनीने ९५ रुपये दराने समभाग विक्रीस काढले, तेव्हा विक्री पूर्ण झाली नाही आणि मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन संस्थेने १३ टक्के भाग घेऊन ती तडीस नेली. जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली ती १४५ रुपयांना. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, कंपनीने कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना सुरू केली. भारतात ही कल्पना तेव्हा नवी होती. त्यातून मध्यमवर्गीय घरांतील अनेक अभियंते, आणि केवळ अभियंतेच नव्हेत, बघता बघता लक्षाधीश झाले. ध्येय सामायिक म्हणायचे आणि त्याचे फळ मात्र मूठभरांनी घ्यायचे, ही विसंगती या योजनेने टाळली. अर्थात ही योजना २००३ मध्ये थांबली आणि बऱ्याच वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा आली, हेही नोंदवायला हवे. मधल्या काळात जे हजारो तरुण रुजू झाले, त्यांच्या वाट्याला संस्थापकांच्या गोष्टी आल्या, समभाग आले नाहीत.

हिशेबांची पारदर्शकता हा तिसरा भाग. अमेरिकी लेखापद्धतीनुसार ताळेबंद देणे, तिमाही निकाल तपशिलाने जाहीर करणे अशा गोष्टी कंपनीने सक्तीची वाट न पाहता सुरू केल्या. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली ती भारतात स्थापन झालेली पहिली कंपनी ठरली. संस्थापकांच्या मुलांनी कंपनीच्या व्यवस्थापनात यायचे नाही, असाही संकेत पाळला गेला. भारतीय उद्योगजगतात घराण्याची गादी ही सर्वमान्य रीत. तेथे या संकेताने इतर कर्मचाऱ्यांना सर्वोच्च पदाची वाट मोकळी असल्याचा विश्वास दिला.

म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र हा या संस्कृतीचा कारखाना म्हणता येईल. महाविद्यालयातून थेट आलेल्या हजारो मुलामुलींना तेथे काही महिने निवासी शिक्षण मिळते. प्रणालीलेखन शिकवणे हा त्याचा उघड हेतू. परंतु आठवडाभर आधी परस्परांना न ओळखणारी ही मुले तेथून 'इन्फोसियन' म्हणून बाहेर पडतात, हा त्याहून मोठा परिणाम. विशीतिशीतील कर्मचाऱ्यांना धोरणविषयक बैठकांत बोलते करण्याचा उपक्रमही कंपनीने राबवला. ध्येय केवळ ऐकवायचे नसते, त्यात भर घालू द्यायची असते, हे त्यामागचे सूत्र होते.

काळाची साथ

एवढ्या वर्णनावरून ध्येय होते म्हणून यश आले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आयात परवान्यांचा जाच संपवला. समभागाची किंमत सरकारने ठरवण्याची पद्धत १९९२ मध्ये गेली. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमुळे परदेशाशी संदेशवहन सोपे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या केओनिक्स महामंडळाने आखलेली इलेक्ट्रॉनिक्स सिटी बंगळुरूच्या वेशीवर तयार होती. मग सहस्रक बदलताना संगणकांतील तारखांचा 'वाय-टू-के' प्रश्न आला आणि भारतीय अभियंत्यांना जगभरातून मागणी आली. उदात्त ध्येय बाळगूनही १९८५ मध्ये बुडालेल्या कंपन्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण सांगायला कुणी उरलेले नसते. ध्येयाने काय केले, तर अनुकूल वारे सुटेपर्यंत माणसांना नावेत बसवून ठेवले. १९९० ची बैठक १९९१ च्या आधी झाली होती.

बंगळुरूतील दुसरी मोठी कंपनी विप्रो. तिचे मूळ खानदेशातील आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. वडिलांच्या निधनानंतर १९६६ मध्ये अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढे तुपापासून साबण, मग संगणक आणि मग सेवा असा व्यवसाय पार बदलला. सचोटीचा आग्रह तेवढा कायम राहिला. व्यवसाय बदलू शकतो, गाभा बदलत नाही, या कॉलिन्स-पोरस यांच्या म्हणण्याला याहून बोलके भारतीय उदाहरण मिळणे कठीण. जुने समभाग जपून ठेवल्याने गडगंज झालेल्या अमळनेरकरांच्या कथा तर सर्वश्रुत आहेत.

आकड्याचे ध्येय

इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदावर १९८१ ते २०१४ या काळात मूर्ती, निलेकणी, गोपालकृष्णन आणि शिबुलाल असे चार संस्थापक एकामागून एक आले. ऑगस्ट २०१४ मध्ये प्रथमच बाहेरची व्यक्ती या पदावर आली. जर्मनीच्या सॅप कंपनीतून आलेल्या विशाल सिक्का यांच्यापुढील परिस्थिती सोपी नव्हती. कर्मचाऱ्यांच्या गळतीचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले होते आणि वाढीचा वेग स्पर्धकांपेक्षा मंदावला होता. सिक्का यांनी धाडसी ध्येय जाहीर केले : २०२० पर्यंत २० अब्ज डॉलरचे उत्पन्न, ३० टक्के नफ्याचे प्रमाण आणि दर कर्मचाऱ्यामागे ८० हजार डॉलरचे उत्पन्न. एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना 'डिझाइन थिंकिंग'चे प्रशिक्षण दिले गेले. प्रत्येक प्रकल्पात काही तरी नवे करण्याचा आग्रह धरणारी मोहीम सुरू झाली. कंपनीत पुन्हा चैतन्य आले, असे त्या काळात अनेकांनी म्हटले.

ध्येय स्पष्ट होते, मोजता येणारे होते, धाडसीही होते. तरीही ते सर्वांचे झाले नाही. वरिष्ठांचे वेतन, पदत्याग करणाऱ्या वित्तप्रमुखांना देऊ केलेली रक्कम आणि पनाया या इस्रायली कंपनीची खरेदी यांवरून फेब्रुवारी २०१७ पासून संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातील मतभेद जाहीर झाले. पनाया व्यवहाराच्या चौकशीत गैरप्रकार आढळला नाही, असे कंपनीने पुढे स्पष्ट केले. तोवर, १८ ऑगस्ट २०१७ रोजी, सिक्का यांनी राजीनामा दिला होता. संचालक मंडळाने त्यासाठी मूर्ती यांच्याकडे बोट दाखवले. मूर्ती यांनी ते नाकारले. आठवड्याच्या आत निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख यांनी सूत्रे हाती घेतली. २० अब्ज डॉलरचा आकडा मार्च २०२० अखेर सुमारे १२.८ अब्जांवर होता आणि मार्च २०२५ अखेर १९.३ अब्जांवर.

या वादात कोण बरोबर होते, याची चर्चा अजून थांबलेली नाही. मात्र येथे दोन ध्येये एकमेकांना भिडली, हे उघड आहे. संस्थापकांच्या दृष्टीने 'आदर' हा गाभा होता आणि वेतनाचा वाद त्या गाभ्याशी निगडित होता. नव्या नेतृत्वाच्या दृष्टीने तंत्रज्ञानातील झेप महत्त्वाची होती आणि जुन्या मंडळींचे प्रश्न हा अडथळा होता. कंपनी सोडून गेलेले संस्थापक मूल्यांचे राखणदार असतात की भूतकाळाचे, याचे उत्तर कंपनीच्या कुठल्याही नियमात नव्हते. आकडा हे झेपेचे माप असू शकते; ती झेप कशासाठी, हे आकड्यातून कळत नाही, आणि तीन वर्षांत दोन लाख माणसांना ते समजावणे कुणालाही अवघडच.

पिढीचा प्रश्न यात मिसळलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत व्यक्त केले आणि देशभर वाद झाला. १९८१ च्या सातजणांसाठी ७० तास ही नवलाची गोष्ट नव्हती. कंपनी त्यांची होती. नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिले. बंगळुरूचे घरभाडे आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या रस्त्यावर दररोज जाणारे तास त्याच्या हिशेबात असतात. तेच ध्येय त्याने त्याच तीव्रतेने आपले मानावे, ही अपेक्षा करताना मधली दोन पारडी तोलून पाहावी लागतात.

माळी असलेली कंपनी

सामायिक ध्येयाचा सर्वांत जाणीवपूर्वक केलेला प्रयोग मात्र बंगळुरूच्याच माइंडट्री या कंपनीत झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये दहा जणांनी तिची स्थापना केली. विप्रोतून आलेले अशोक सूटा, सुब्रतो बागची, कृष्णकुमार नटराजन, एन. एस. पार्थसारथी आणि इतर. उत्पादन काय, ग्राहक कोण, यांच्याइतकाच वेळ त्यांनी आपली मूल्ये कोणती, या प्रश्नाला दिला. बोधचिन्ह तयार करण्याचे काम जाहिरात संस्थेकडे न देता कर्नाटकातील स्पॅस्टिक्स सोसायटीच्या, मेंदूच्या पक्षाघाताशी झुंजणाऱ्या मुलांना दिले गेले. आपण कोणत्या प्रकारची कंपनी होऊ इच्छितो, हे सांगण्याचा हा एक मार्ग होता आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली जात असे.

एप्रिल २००८ मध्ये बागची यांनी मुख्य परिचालन अधिकारी हे पद सोडून 'गार्डनर', म्हणजे माळी, हे पद घेतले. कंपनीतील वरच्या शंभर जणांना वैयक्तिक वेळ देणे, त्यांना पुढील नेतृत्वासाठी वाढवणे, एवढेच त्यांचे काम. काहींना ही नाट्यमयता वाटली. परंतु संस्कृती टिकवण्यासाठी एका संस्थापकाचा पूर्ण वेळ खर्च करणे, हा ताळेबंदात दिसणारा खर्च होता. फेब्रुवारी २००७ मध्ये ४२५ रुपये दराने काढलेल्या समभागांना शंभर पटींहून अधिक मागणी आली होती, तेव्हा बाजाराचाही या कंपनीवर विश्वास असावा.

झेप चुकण्याचा अनुभवही माइंडट्रीने घेतला. २००९ मध्ये क्योसेरा वायरलेसची भारतीय शाखा विकत घेऊन तिने स्वतःचा स्मार्टफोन बनवण्याचा बेत आखला. सेवा पुरवणाऱ्या कंपनीसाठी हे फार वेगळे क्षेत्र होते. खर्च वाढू लागल्यावर २०१० मध्ये तो बेत सोडून देण्यात आला आणि त्यानंतर सूटा कंपनीतून बाहेर पडले. कंपनी मात्र सावरली. गाभा शाबूत असेल तर चुकलेली झेप पचवता येते, असे याचे स्पष्टीकरण अनेक अभ्यासक देतात.

खरा आघात वेगळ्या दिशेने आला. कंपनीत सर्वांत मोठा, २०.३२ टक्के, वाटा संस्थापकांचा नव्हता. तो कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ यांचा होता. प्रारंभीच्या काळापासून ते गुंतवणूकदार होते. संस्थापकांकडे मिळून साधारण १३ टक्के समभाग होते. मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो समूहाने सिद्धार्थ यांचा वाटा प्रति समभाग ९८० रुपयांना घेतला आणि पाठोपाठ बाजारातून तसेच खुल्या प्रस्तावाद्वारे बहुमत मिळवण्याची तयारी जाहीर केली. भारतीय माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात संस्थापकांच्या इच्छेविरुद्ध झालेला असा ताबा यापूर्वी पाहण्यात नव्हता. वीस वर्षांत सर्वांनी मिळून उभारलेल्या संस्थेला यामुळे धोका आहे, असे संस्थापकांनी निवेदन काढून सांगितले. ओडिशा सरकारच्या कौशल्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद सोडून बागची बंगळुरूला परतले. कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर आपल्या कंपनीच्या बाजूने आवाज उठवला.

त्याचा व्यवहारावर परिणाम झाला नाही. कर्मचाऱ्यांचे प्रेम भागधारणेच्या नोंदवहीत लिहिलेले नसते. जून संपता संपता लार्सन अँड टुब्रोकडे सुमारे ६० टक्के समभाग आले आणि जुलै २०१९ मध्ये नटराजन, पार्थसारथी आणि रोस्टो रवानन या तिघांनी राजीनामे दिले. ध्येय सर्वांचे, परंतु मालकी दुसऱ्याची, ही फट वीस वर्षे कुणी बुजवली नव्हती. नव्या मालकांनी माइंडट्रीला लगेच आपल्या दुसऱ्या कंपनीत मिसळले नाही. तीन वर्षे ती स्वतंत्र ठेवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये लार्सन अँड टुब्रो इन्फोटेकशी तिचे विलीनीकरण झाले आणि नव्या कंपनीचे नाव एलटीआयमाइंडट्री असे ठेवले गेले. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

सूटा यांनी माइंडट्री सोडल्यानंतर २०११ मध्ये बंगळुरूतच हॅपिएस्ट माइंड्स ही कंपनी काढली. नावातच कर्मचाऱ्यांचे समाधान हे ध्येय आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या समभागांची पहिली विक्री १६६ रुपयांना झाली, तेव्हा सूटा ७७ वर्षांचे होते. या वेळी कंपनीतील सर्वांत मोठा वाटा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.